तत्परतेची मजुरी

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या. कामगारकपातीची सैल झालेली मर्यादा आणि संपावर घातलेली बंधने यांविरुद्ध कामगार संघटनांनी उठविलेला आवाज रास्तच आहे. परंतु व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या व्याख्यांच्या कलमात दडलेल्या एका ओळीकडे चळवळीने अधिक बारकाईने पाहावयास हवे. आस्थापनेच्या मुख्य कामावर कंत्राटी कामगार नेमू नयेत असे ही संहिता एका हाताने सांगते आणि कोणत्या कामास मुख्य काम म्हणावयाचे नाही याची लांबलचक यादी दुसऱ्या हाताने पुढे करते. आस्थापना खास त्या कामासाठीच उभारलेली नसेल तर झाडलोट, पहारा, उपाहारगृह, हमाली, बागकाम, धुलाई ही सारी कामे गौण. याच यादीत वाहतूक सेवा आहे, आणि तिच्या पोटात रुग्णवाहिका सेवेचा नावानिशी उल्लेख आहे.

याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. राज्याच्या आरोग्य खात्याने रुग्णवाहिका कंत्राटदाराच्या हाती सोपविल्या, तर आपण आपले मुख्य कामच विकून टाकले असे खात्याला वाटावयाचे कारण नाही. त्याने केवळ वाहतुकीची सोय केली! गाडीत रुग्णाच्या उशाशी बसून प्राणवायूची नळी सांभाळणारा तंत्रज्ञ, पहाटे तीन वाजता घाटातून गाडी काढणारा चालक, रस्त्याकडेला गाडी उभी करवून बाळंतीण मोकळी करणारा तरुण डॉक्टर, हे सगळे कायद्याच्या लेखी मालवाहतुकीच्या शेजारी जाऊन बसले. या माणसांना महिनाअखेर किती पैसे मिळतात, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी या एका वर्गीकरणात सापडते. कारण वाहतुकीचे मोल फेरीवर ठरते. ज्या सेवेचा प्राण तत्परतेत आहे, तिला फेरीच्या मापाने मोजले म्हणजे तत्पर राहण्यात गेलेले तास हिशेबातून गळतात, आणि त्या तासांची मजुरीही गळते.

ही दृष्टी एकट्या भारताची नव्हे. पॅरामेडिक हा पेशा ज्या देशात आजच्या रूपाने घडला, त्या अमेरिकेचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. १९६६ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यू व अपंगत्व यांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा त्या वेळी अंत्यसंस्काराचा धंदा करणाऱ्या मंडळींकडे होती, असे त्यात नमूद आहे. कारण साधे होते. माणसाला आडवे निजवून नेता येईल असे लांब वाहन त्यांच्यापाशीच असे. जखमी जगला तर गाडीभाडे आणि दगावला तर शवपेटीची विक्री, अशी दोन्ही दारे ज्याला उघडी, त्याच्या स्वाधीन रुग्णाचे प्राण होते. बऱ्याच शहरांत हे काम पोलिसांच्या बंदिस्त गाड्या करीत. आत वैद्यकीय शिक्षण घेतलेला माणूस असावा, ही कल्पनाच रूढ नव्हती.

ती रूढ करणाऱ्यांत एका गरीब वस्तीचा मोठा वाटा आहे. पिट्सबर्ग शहरातील हिल डिस्ट्रिक्ट हा प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचा विभाग. तेथे १९६७ साली फ्रीडम हाउस या संस्थेने डॉ. पीटर साफार यांच्या मार्गदर्शनाखाली कृष्णवर्णीय बेकार तरुणांना रुग्णवाहिकेचे वैद्यकीय शिक्षण देण्यास आरंभ केला. थांबलेला श्वास व हृदय तोंडाने हवा फुंकून आणि छाती दाबून चालू करण्याच्या पद्धतीचे साफार हे एक जनक. सुमारे ३०० तासांच्या शिक्षणानंतर १९६८ मध्ये या तरुणांच्या गाड्या रस्त्यावर आल्या. शहरातील श्रीमंत भाग पोलिसांच्या गाडीवर विसंबून असताना शहरातील सर्वांत दुर्लक्षित वस्तीला सर्वांत चांगली सेवा मिळू लागली, असे उलटे दृश्य काही काळ दिसले. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन या तरुणांबरोबर काम करू लागल्या, आणि त्या अनुभवातून देशभरातील पॅरामेडिकांच्या अभ्यासक्रमाचा पाया घातला गेला.

मग १९७५ साल उजाडले. नगर प्रशासनाने स्वतःची रुग्णवाहिका सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउसचे दार बंद झाले. नगराच्या नोकरीत पगार होता, निवृत्तिवेतन होते, प्रतिष्ठा होती. ज्यांनी हे काम शहराला शिकविले त्यांच्यासमोर मात्र नव्या चाचण्या ठेवण्यात आल्या, अनुभवींना नवशिक्या गोऱ्या सहकाऱ्यांच्या हाताखाली घालण्यात आले, आणि बघता बघता त्यांतील बहुतेक सेवेबाहेर फेकले गेले. काम हलके गणले जात होते तोवर ते त्यांचे होते. त्याला मोल येताच ते दुसऱ्यांचे झाले. जातिव्यवस्थेत वाढलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला हा व्यवहार वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आज त्याच अमेरिकेत या पेशाला काय मिळते? तेथील श्रमखात्याच्या मे २०२४ च्या आकडेवारीनुसार आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचे मध्यक वार्षिक वेतन ४१,३४० डॉलर आहे. म्हणजे निम्म्यांना याहून कमी मिळते. बाराशे ते अठराशे तासांचे शिक्षण घेतलेल्या पॅरामेडिकाचे ५८,४१० डॉलर. सर्व व्यवसायांतील कामगारांचे मध्यक वेतन ४९,५०० डॉलर, आणि परिचारिकेचे ९३,६०० डॉलर. थोडक्यात, रस्त्यावर पडलेल्या माणसापाशी सर्वांत आधी पोहोचणारा तंत्रज्ञ देशातील सरासरी कामगारापेक्षाही कमी कमावतो. त्याच्या वेतनाची तासावारी काढली तर ती वीस डॉलरांच्या आत राहते. डॉलरांचे हे आकडे रुपयांत बदलून हुरळून जाणाऱ्यांनी तेथील घरभाडेही रुपयांत बदलून पाहावे.

अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक सांगते की कौशल्य वाढले की वेतन वाढते. येथे कौशल्य आहे, जोखीम आहे, मागणीही आहे. वेतन तेवढे नाही. त्याचे कारण पैशाच्या वाटेत शोधावे लागते. अमेरिकेतील वृद्धांची सरकारी आरोग्य विमायोजना, मेडिकेअर, रुग्णवाहिकेकडे मूलतः वाहतूक म्हणून पाहते. रुग्णाला गाडीत घालून रुग्णालयात नेले तर मूळ दर अधिक मैलांचा आकार मिळतो. तंत्रज्ञाने घरी जाऊन साखर उतरलेल्या रुग्णाला शुद्धीवर आणले आणि रुग्ण घरीच राहिला, तर सर्वसाधारणपणे छदामही मिळत नाही. खासगी विमा कंपन्यांनीही बव्हंशी हाच कित्ता गिरविला. गाडी चौकात सज्ज उभी असण्याचे, मध्यरात्री दोन माणसे जागी असण्याचे, म्हणजे ज्या गोष्टीमुळे माणूस वाचतो तिचेच, कोणी पैसे देत नाही.

अग्निशमन दलाशी तुलना केली म्हणजे यातील विसंगती उघडी पडते. शहरात महिनाभर आग लागली नाही म्हणून बंबवाल्यांचा पगार कोणी कापत नाही. आग लागली नाही याबद्दल सगळे देवाचे आभार मानतात. त्यांचे वेतन सज्जतेचे आहे आणि ते करांतून दिले जाते. न्यूयॉर्क शहरात १९९६ पासून अग्निशामक आणि रुग्णवाहिका कर्मचारी एकाच खात्यात आहेत. तरीही दोघांच्या वेतनश्रेणीत मोठी दरी राहिली. रुग्णवाहिका विभागात कृष्णवर्णीय, लॅटिन व आशियाई वंशाचे कामगार आणि स्त्रिया यांचे प्रमाण अग्निशामकांपेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि वेतनातील दरीचे मूळ या भेदात आहे, असा दावा त्यांच्या संघटनांनी २०२२ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयात दाखल केला.

थांबणे हे काम आहे की नाही, या प्रश्नावर एकदा उघड लढाई झाली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पहारेकऱ्यांच्या एका दाव्यात निकाल दिला की विश्रांतीच्या काळात बोलावणे आले तर धावावे लागणार असेल तर ती विश्रांतीच नव्हे. हाच न्याय खासगी रुग्णवाहिकांना लागू झाला असता तर कंपन्यांना जादा माणसे नेमावी लागली असती, आणि मागील थकबाकीचे दावेही उभे राहिले असते. तेव्हा अमेरिकन मेडिकल रिस्पॉन्स या बड्या कंपनीने सुमारे तीन कोटी डॉलर ओतून २०१८ च्या नोव्हेंबरात लोकमतासाठी एक प्रस्ताव आणला: कर्मचाऱ्यांनी सुटीतही बोलावण्यास बांधील राहावे. प्रचार अर्थातच रुग्णांच्या नावाने झाला. तुमचे मूल गुदमरत असताना रुग्णवाहिकेतील माणूस जेवत बसलेला चालेल काय? जवळजवळ साठ टक्के मतदारांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला. जादा माणूस नेमला तर एकाला जेवता येईल आणि दुसरा धावू शकेल, हा साधा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. त्या प्रस्तावात मानसिक आरोग्यसेवेची व प्रशिक्षणाची काही कलमेही होती, हे न्यायाला धरून सांगितले पाहिजे. पण पुढे येऊ घातलेला खर्च आणि मागची देणी यांतून सुटका, हा त्याचा गाभा होता.

ही कंपनी त्याच वर्षी केकेआर या गुंतवणूकसंस्थेच्या समूहात गेली होती. वित्तभांडवलाचा या धंद्यातील शिरकाव कसा असतो याचा एक नमुना २०१६ च्या फेब्रुवारीत दिसला. गुंतवणूकसंस्थेच्या ताब्यातील ट्रान्सकेअर ही कंपनी दिवाळखोरीत निघाली, न्यूयॉर्क व इतर शहरांतील तिच्या गाड्या बंद पडल्या आणि कामगार एका फटक्यात रस्त्यावर आले. तिकडे ग्रामीण भागात अजूनही बरीचशी सेवा स्वयंसेवकांच्या बळावर चालते. त्यांचा सेवाभाव वंदनीय आहे. परंतु जे काम शेजारच्या गावात फुकट होते त्याला पगार मागणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो, हेही खरे.

भारतात हा साचा १०८ या क्रमांकाच्या रूपाने आला. १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सत्यमच्या संस्थापकांनी ही सेवा सुरू केली. अमेरिकेतील ९११ क्रमांकाची योजना नजरेसमोर होती. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचा घोटाळा फुटल्यावर ती जीव्हीके या उद्योगसमूहाच्या आश्रयाला गेली. एका उद्योगपतीच्या जमाखर्चाच्या वहीत लबाडी निघावी आणि अनेक राज्यांतील रुग्णवाहिकांचे भवितव्य टांगणीला लागावे, यातून काही बोध घेतला गेला नाही. गाड्या, डिझेल आणि पगार यांचा बहुतांश पैसा शासनाचाच असताना व्यवस्थापन तेवढे खासगी, ही रीत पुढे राज्याराज्यांत पसरली.

१०८ ने जीव वाचविले, यात शंका नाही. ज्या गावातून आजारी माणूस बाजेवर घालून किंवा जीपवाल्याच्या हातापाया पडून नेला जाई, तेथे गाडी येऊ लागली. महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत ही सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांतील २३३ प्रगत उपचारांच्या आणि ७०४ प्राथमिक उपचारांच्या. येथील विशेष हा की गाडीत तंत्रज्ञाऐवजी डॉक्टर ठेवण्यात आला, आणि हे डॉक्टर प्रायः आयुर्वेद वा होमिओपॅथीचे पदवीधर. म्हणजे या राज्यात रुग्णवाहिकेच्या कंत्राटी वेतनाचा प्रश्न पदवीधर डॉक्टरांपर्यंत पोहोचला आहे. पॅरामेडिक हा स्वतंत्र पेशा म्हणून मात्र उभा राहिला नाही. राष्ट्रीय आरोग्य व्यावसायिक कायद्याने २०२१ साली पॅरामेडिकला आपल्या अनुसूचीत स्थान दिले. शासकीय आस्थापनेत त्याची पक्की वेतनश्रेणी कोठे आहे, हे शोधावे लागते.

कंत्राटाचे अंकगणित पाहा. डिझेलचा भाव बाजार ठरवितो. गाडीची किंमत, विमा, औषधे, टायर यांत कंत्राटदाराला फारशी काटछाट करता येत नाही. उशिरा पोहोचल्यास दंड आहे. मग सर्वांत कमी बोली लावून काम मिळविलेल्या माणसाने नफा कोठून काढावयाचा? उरते ती मजुरी. पाळी आठ तासांऐवजी बारा तासांची करावयाची, रजेवर गेलेल्याच्या जागी माणूस द्यावयाचा नाही, अनुभवाची वेतनवाढ कराराच्या मुदतीबरोबर शून्यावर आणावयाची. कंत्राटदार बदलला की दहा वर्षे गाडी हाकलेला चालक पुन्हा नवा उमेदवार होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाब राज्य विरुद्ध जगजीत सिंग या खटल्यात शासनाच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामास समान वेतनाचे तत्त्व लागू केले. परंतु तो निकाल शासनाने नेमलेल्या माणसांचा आहे. मध्ये कंत्राटदाराची भिंत उभी केली की शासन हात झटकून मोकळे होते. भिंत बांधण्याचा एक हेतू तोच आहे.

कर्मचारी हे निमूटपणे सोसत आहेत असे मुळीच नाही. २०२१ च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशात प्रगत उपचारांच्या गाड्या एका कंपनीकडून दुसरीकडे गेल्या, आणि नोकरीच्या धास्तीने कर्मचारी संपावर उतरले. शासनाने अत्यावश्यक सेवा कायद्याचा बडगा उगारला, गुन्हे नोंदविले गेले, शेकडोंना कामावरून काढण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये पंजाबातील १०८ चे कर्मचारी वेतनवाढीसाठी व शासनाने सेवा स्वतःकडे घ्यावी यासाठी रस्त्यावर आले. महाराष्ट्रातही मेस्मा आहेच. वेतन ठरविताना हे काम वाहतूक असते. संप झाला की तेच काम एका रात्रीत अत्यावश्यक होते. २०२० च्या मार्चमध्ये जाहीर झालेल्या ५० लाख रुपयांच्या कोविड विमा योजनेत कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांचाही समावेश होता, म्हणजे मरणोत्तर ते आरोग्यसेवक ठरू शकत होते. त्या वर्षी थाळ्या वाजल्या, हेलिकॉप्टरमधून फुले पडली. वेतनचिठ्ठी होती तेथेच राहिली.

यावर शासनाचे ठरीव उत्तर निधीच्या अभावाचे असते. त्याला न्यायालयाने तीस वर्षांपूर्वीच उत्तर दिलेले आहे, आणि ते मिळविणारी एक शेतमजूर संघटना होती. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये त्या संघटनेचा एक सदस्य आगगाडीतून पडला. डोक्याला गंभीर इजा असताना कलकत्त्यातील एकामागून एका शासकीय रुग्णालयाने त्याला खाट नाही म्हणून परत पाठविले. अखेर खासगी रुग्णालयात सुमारे १७,००० रुपये मोजावे लागले. पश्चिम बंग खेत मजदूर समितीने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. १९९६ च्या निकालाने आपत्कालीन उपचार हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला, पैसा नाही ही सबब शासनास सांगता येणार नाही असे बजावले, आणि रुग्णवाहिकेत आवश्यक साहित्य व वैद्यकीय कर्मचारी असले पाहिजेत असेही निर्देश दिले. जगण्याच्या अधिकाराचा भाग असलेली गोष्ट आस्थापनेचे गौण काम कशी असू शकते, हा प्रश्न श्रमसंहितेच्या त्या ओळीपुढे ठेवावयास हवा.

तो न्यायालयात जाईल तेव्हा जाईल. दरम्यान जिल्ह्याजिल्ह्यांत करण्यासारखे काम पडले आहे. १०८ चे चालक आणि डॉक्टर विखुरलेले आहेत. एका ठिकाणी दोन-चार माणसे, तीही वेगवेगळ्या पाळ्यांत. गिरणीच्या दारावर भरते तशी सभा त्यांची भरत नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात, पाळी बदलताना, त्यांना गाठावे लागेल. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गाड्यांवरील कंत्राटी चालकही त्यांच्याबरोबर घ्यावे लागतील; दोघांचा मालक वेगळा दिसला तरी पैसा देणारा एकच आहे. रुग्ण हक्कासाठी काम करणाऱ्या संघटनांशी यात तेढ येण्याचे कारण नाही. बारा तास जागा असलेला चालक घाटात रुग्णासही घातकच.

माहितीच्या अधिकाराखाली चालू करारपत्राची प्रत मागविता येते, ती मागवावी. प्रत्येक गाडीमागे शासन दरमहा किती रक्कम देते, तीत वेतनाचा स्वतंत्र शीर्ष आहे की नाही, असल्यास ती रक्कम कर्मचाऱ्याच्या बँक खात्यात पूर्ण जमा होते काय, उशिराचा दंड कंपनीच्या नफ्यातून वळता होतो की चालकाच्या पगारातून, मुक्कामी थांबण्याचे तास हजेरीत धरले जातात काय, आणि कंत्राटदार बदलल्यास जुन्या कर्मचाऱ्यांची सेवाज्येष्ठता व ग्रॅच्युइटी कोणाकडे राहते, या बाबी वेतनचिठ्ठ्यांशी ताडून जिल्हा शल्यचिकित्सक व कामगार आयुक्त या दोघांकडेही लेखी मांडाव्यात. कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे शासनावर येते. ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितेतही ती राहिली आहे.